आकुर्डीच्या काकांच्या नोंदी

चाकणच्या एका कंपनीत मी सहा वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासत होतो. कंत्राट संपलं आणि पुन्हा वाढवलं नाही. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. उदगीरकडून इकडे आलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक कंपनी सुटली की शेजारच्या गेटवर उभं राहायचं एवढंच माहीत असतं. पण ओळखीच्या एकानं निगडीतल्या एका वेगळ्याच जागी पाठवलं. प्राधिकरण या भागात एका औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत पाच माणसांची छोटी कंपनी होती. तिथं गाण्यांचा संग्रह संगणकावर नीट लावून ठेवायचं सॉफ्टवेअर बनवत.

कुणाकडं हजारो गाणी, जुनी रेकॉर्डिंग्ज असतील तर ती त्यात लावून ठेवायची, प्रत्येकापुढं गायकाचं नाव, वर्ष, आपलं टिपण लिहायचं आणि पाहिजे ते पाहिजे तेव्हा शोधायचं. नाचाच्या क्लासवाले, शाळा, हौशी संग्राहक असे त्यांचे ग्राहक. मला काम मिळालं ते फोन उचलायचं. मराठी आणि हिंदी नीट बोलता येई, आणि सुटे भाग तपासून तपासून एखाद्या गोष्टीत चूक कुठं आहे ते शोधायची सवय लागली होती. कंपनीच्या मालकांना तेवढं पुरलं.

शिकवलं ते मॅडमनी. सॉफ्टवेअरचं बहुतेक काम त्यांनीच लिहिलेलं. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं कमी, टेबलावर कायम शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "लोकांच्या संगणकाला हात लावायच्या आधी त्यांच्या नोंदींची एक प्रत बाजूला काढून ठेवायची. मग काय पाहिजे ते कर. आणि करताना बोलत राहा. समोरच्याला कळू दे आपण काय करतोय."

मी मान डोलावली. दोन वर्षं नेमानं तसंच केलंही.

मग संगणकांची ती नवी सिस्टिम आली. लोकांनी अपडेट घेतलं आणि आमचे फोन वाजायला लागले. कुणाचं सॉफ्टवेअर उघडेना, कुणाला आवाज येईना, कुणाची अक्षरं चौकोनी दिसायला लागली. एक फोन ठेवला की दुसरा. जेवण हातात धरून मी उत्तरं देत होतो. अशा एका दुपारी आकुर्डीहून फोन आला.

"नमस्कार," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज काय होता! शांत, गोल, प्रत्येक अक्षर सुटं. "आपण लातूर जिल्ह्यातले का? उदगीरच्या बाजूचे?"

मी फक्त "हॅलो, बोला सर" एवढंच म्हटलं होतं. मी चाट पडलो. विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. कंपनीच्या बोर्डावर. माणूस 'हॅलो' म्हणाला की गाव कळतं. बरं, माझी अडचण ऐका. मला दिसत नाही. जन्मापासूनच. संगणक मला पडदा वाचून दाखवतो. आज सकाळपासून तो प्रत्येक गाण्यापुढं एकच वाचतोय, 'फाइल सापडत नाही.' एक हजार दोनशे वेळा ऐकायची माझी तयारी नाही."

आकुर्डीच्या त्या मोठ्या कारखान्यात ते कामाला होते. तिथल्या कामगारांचं भजनी मंडळ होतं. शिफ्ट सुटली की आठवड्यातून एकदा कँटीनच्या मागच्या शेडमध्ये बसायचे. काका पहिल्यापासून आपला टेपरेकॉर्डर घेऊन तिथं जायचे. पंचवीस-तीस वर्षांच्या कॅसेट निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः एकेक करून संगणकावर उतरवल्या होत्या आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लावल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी मी काहीच विचारलं नाही. माझ्यासाठी ते त्या दिवसाचे अठरावे की एकोणिसावे होते.

अडचण साधी होती. गाणी बाहेरच्या डिस्कवर होती. सॉफ्टवेअर आपल्या वहीत प्रत्येक गाण्याचा पत्ता लिहून ठेवतं. अपडेटनं डिस्कचा पत्ता, म्हणजे तिच्या नावापुढचं इंग्रजी अक्षर, बदलला आणि सॉफ्टवेअर जुन्याच दारावर टकटक करत बसलं. डिस्कला तिचं जुनं अक्षर परत द्यायचं, झालं. दोन मिनिटांचं काम. पण मी घाईत होतो. मला वाटलं, सापडत नसलेल्या सगळ्या नोंदी काढून टाकू, फोल्डर पुन्हा जोडू, गाणी परत येतील. गाणी येतात हे खरंच. पण गाण्यापुढं माणसानं जे स्वतः लिहिलेलं असतं ते गाण्याच्या फाइलीत नसतं, त्या वहीत असतं.

मी दुरून त्यांच्या संगणकाचा ताबा घेतला आणि न बोलता माउस हलवायला लागलो. फोनमधून मला त्यांचा संगणक वाचताना ऐकू येत होता. भराभर, तेल घातलेल्या यंत्रासारखा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मध्येच काका म्हणाले, "थांबा थांबा. तो विचारतोय काहीतरी. 'या नोंदी कायमच्या काढल्या जातील' म्हणतोय. कायमच्या?"

"ते तसं येतंच, सर," मी म्हणालो. "काळजी करू नका."

आणि 'होय'वर क्लिक केलं.

गाणी परत आली. पहिलं गाणं वाजलं, टाळ ऐकू आले. काका खूश झाले, मी दुसरा फोन घेतला. मधूनच आवाज अडखळतोय म्हणून त्यांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी सांगितलं की सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा. आमचं सॉफ्टवेअर बंद होताना त्या वहीची एक प्रत आपोआप ठेवतं, पण शेवटच्या तीनच. नवी आली की जुनी जाते. म्हणजे जी प्रत वाचवू शकली असती तीही मीच त्यांच्या हातून पुसायला लावली.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोन आला. तोच आवाज, पण हळू.

"अहो, थेरगावहून एका मुलीचा फोन होता. तिचे वडील आमच्या मंडळात गायचे. गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला त्यांचा आवाज लावायचाय म्हणते. मी म्हटलं, आत्ता देतो काढून. शोधायला गेलो तर काहीच नाही. गाणी आहेत, पण कोण गातंय, कधीचं आहे, पखवाजाला कोण, काहीच लिहिलेलं नाही. नुसते आकडे वाचतोय. ट्रॅक एक, ट्रॅक दोन. माझ्या नोंदी कुठं गेल्या?"

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी मी खोटं बोललो.

"सर, नव्या सिस्टिमचा घोळ आहे. अपडेटमुळं बऱ्याच लोकांचं असं झालंय. आमच्या हातात नाही ते."

ते म्हणाले, "बरं. अपडेटमुळं." आणि फोन ठेवला.

मालक केबिनमधून बाहेर आले होते. त्यांनी माझं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. "बरोबर सांगितलंस राव," ते म्हणाले. "सिस्टिमवर ढकल. सगळेच ढकलतायत." जेवायच्या सुट्टीत मॅडमनी लाडवांचा डबा माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, "प्रत काढली होतीस?"

मी नाही म्हणालो.

"बोलत होतास काम करताना?"

"नाही."

त्यांनी एवढंच विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारभर त्यांनी स्वतः आकुर्डीच्या त्या संगणकाला दुरून जोडून घेऊन पुसलेलं काही सापडतंय का पाहिलं. प्रत्येक पावलाला फोनवर काकांना सांगत होत्या, आता मी हे उघडतेय, आता हे शोधतेय. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. काहीच हाती लागलं नाही. जागेवर नवं लिहिलं गेलं होतं.

त्या शनिवारी मी पत्ता शोधत आकुर्डीला गेलो. निगडीहून बसनं दहा मिनिटं, पण मी दोन थांबे आधी उतरून चालत गेलो. काय बोलायचं ते जुळवत होतो. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक जुनी सोसायटी, तळमजला. दार काकूंनी उघडलं. काकू मावळातल्या. डोक्यावर पदर, कपाळाला ठळक कुंकू, बोलणं ठसक्याचं.

"कोन पायजे?"

मी सांगितलं, सॉफ्टवेअरच्या कंपनीतून आलोय.

"ये, ये. त्ये हायेत की आतमंदी. दोन दिस झालं, जेवान धड न्हाई त्यांचं."

मी चपला काढून आत गेलो. आत काका खुर्चीवर ताठ बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी जुळवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "सर, त्या दिवशी फोनवर मी होतो. अपडेटमुळं नाही झालं. माझ्यामुळं झालं. तुम्ही थांबा म्हणालात आणि मी थांबलो नाही. आणि नंतर खोटं बोललो."

"माहितीय मला," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"मी ऐकलं होतं ना तो काय विचारत होता ते. आणि परवा तुम्ही अपडेटचं सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज वर गेला. खोटं बोलताना बहुतेकांचा जातो. बसा."

मी बसलो. काकूंनी पाणी आणून दिलं. मग काकांनी जे सांगितलं ते मी कधीही विसरणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी बोर्डावर दवाखान्यातून फोन आला होता. कामगाराचा मुलगा दगावला, वडिलांना जोडून द्या. एकाच नावाचे दोन कामगार होते, दोन वेगळ्या खात्यांत. यांनी चौकशी न करता घाईनं एकाला जोडलं. चुकीच्या माणसाला. त्याचा मुलगा घरी खेळत होता. तो माणूस मशीन तशीच चालू ठेवून घराकडं पळत सुटला.

"संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला," काका म्हणाले. "मला वाटलं मारणार. मारायलाच पाहिजे होतं. तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, 'पोरगं बरंय माझं. आता त्या दुसऱ्याच्या घरी जायचंय. एकट्याला नाही जमणार तुला, चल, मी येतो.' आणि हाताला धरून घेऊन गेला मला."

एवढं सांगून ते उठले, भिंतीला हात लावत संगणकाच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "टायपिंग येतं ना मराठीत? मला नोंदी पुन्हा करायच्यात. मला आठवेल, पण एकट्यानं वर्ष जाईल. रविवारी मोकळे असता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी हजर झालो. दिवाळी नुकतीच झाली होती. गुढीपाडवा येऊन गेला तरी आमचं काम चालूच होतं.

काम असं चालायचं. मी एक रेकॉर्डिंग लावायचो. काका मान जराशी डावीकडं झुकवून ऐकायचे. बऱ्याचदा गाणं सुरू व्हायच्या आधीच, टाळ जुळवताना, कुणी खाकरताना ते बोट वर करायचे. "थांब. पेंट शॉपचा. नाकातून गातो. पखवाज वेल्डिंगवाल्यांच्यातला, तो डावा हात जोरात मारतो. मागं जनरेटरचा आवाज आहे, म्हणजे शेड बांधल्यानंतरचं." मी लिहायचो. पहिल्या दोन-तीन रविवारी ते मला 'अहो' म्हणत होते. नंतर कधी 'अरे' झालं आणि मी 'सर'वरून 'काका'वर आलो ते कळलंच नाही.

सगळं आठवत होतं असं मात्र नाही. काही आवाजांवर ते अडायचे. तेच तेच चार वेळा लावायला सांगायचे, कपाळाला आठ्या पडायच्या. मग म्हणायचे, "लिही, अनोळखी." ते शब्द उच्चारताना त्यांना किती लागत होतं ते दिसायचं, कारण पुसलेल्या वहीत तिथं नाव होतं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जे पुन्हा आठवत नव्हतं ते त्यांनी साठीत लिहून ठेवलं होतं. मी मान खाली घालून टाइप करायचो. त्यांनी एकदाही मला ती आठवण करून दिली नाही.

एका रविवारी काका सहज म्हणाले की संगणक येण्याआधी सगळी यादी ब्रेलमध्ये होती, जाड कागदांच्या तीन वह्या, पण घर बदलताना त्या गेल्या. काकू स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. तशाच, हाताला पीठ, बाहेर आल्या.

"त्ये टोच्यांचं कागद व्हय?"

"हो, तेच."

"गेलं कुठं? माझ्या फळीवर हायेत की. डब्यांखाली घातलेत म्या. चांगलं जाड हुतं."

काका इतक्या जोरात हसले की मला आधी कळेना हसतायत की रडतायत. आम्ही दोघांनी मिळून सगळे डबे खाली काढले. तांदूळ, डाळी, तिखट, हळद. खालचे कागद पिवळे पडले होते, काहींना तेलाचे गोल डाग होते. बहुतेक ठिपके डब्यांच्या वजनानं चेपून सपाट झाले होते. पण कडेचे, जिथं डबा पोचत नव्हता तिथले, शाबूत होते. काका जमिनीवर मांडी घालून बसले आणि बोटं फिरवायला लागले. कधी अर्धी ओळ, कधी नुसतं वर्ष, कधी एखादं आडनाव. काकू शेजारी बसून म्हणत होत्या, "मला काय म्हाईत वो, मला वाटलं रद्दी." काका म्हणाले, "तू ठेवलंस म्हणून राहिलं. कपाटात असतं तर घर बदलताना गेलंच असतं." त्या दिवशी आमच्या यादीतले चाळीसेक 'अनोळखी' कमी झाले. माझ्या बोटांना हळदीचा वास संध्याकाळपर्यंत होता.

थेरगावच्या त्या बाईंचे वडील मात्र सापडत नव्हते. वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. काकांनी फोन करून त्यांना सांगितलं होतं, "आमच्याकडून नोंदी गेल्या, पण शोधतोय." 'आमच्याकडून' म्हणाले. मी समोरच बसलो होतो.

फेब्रुवारीत एक रेकॉर्डिंग लागलं. सुरुवातीला नुसता गोंधळ, भांड्यांचे आवाज, कुणीतरी हसतंय. काका ऐकत राहिले, पण त्यांना ओळख पटेना. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "ह्यो त्यो न्हाई व्हय, चहात मीठ घातलं म्हून भांडलेला? सुट्टीत यायचा आपल्याकडं जेवाया. थेरगावचा."

काकांनी बोट वर केलं. "थांब. मागं घे." पुन्हा ऐकलं. मग अभंगाचा पहिला शब्द उचलला गेला आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर आपटले. "तोच! बरोबर, तोच. अगं, तुला कसं कळलं?"

"हसतूय कसा त्यो. ऐका की."

पुढच्या रविवारी त्या बाई आल्या. सोबत त्यांची आई, गुडघ्यांनी थकलेली, हळूहळू चालणारी. बाई डांगे चौकाजवळ दुकान चालवत, ते दुपारी दोन तास बंद ठेवून आल्या होत्या. मी रेकॉर्डिंग लावलं. भांडी वाजली, ते हसणं आलं, आणि मग तो आवाज. बाईंनी आईचा हात धरला. आईनं मात्र गाणं संपेपर्यंत चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. संपल्यावर तिनं मला विचारलं, "ते सुरुवातीचं हसायचं तेवढं परत लावता येईल का?"

मी लावलं. तिनं पाचदा ऐकलं. गाण्यापेक्षा तेच.

जाताना त्या बाईंनी माझे आभार मानले. काका मागून म्हणाले, "हा दर रविवारी निगडीहून येतो." त्यात तक्रार नव्हती, शिफारस होती. मी चपला घालून जिन्याशी जाऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि मग परत आत आलो.

त्या रविवारांनी माझं कामही बदललं. एकदा काकांनी पडदाच बंद केला आणि म्हणाले, "आता तू वापर." मी आमचंच सॉफ्टवेअर कानांनी वापरायला गेलो. वाचणारा म्हणत होता, "बटण. बटण. बटण. बटण." कुठलं बटण कशाचं, काही नाही. चित्रं काढून ठेवली होती आम्ही, सुंदर, पण त्यांना नावं दिलीच नव्हती. "सात वर्षं मी मोजून वापरतोय," काका म्हणाले. "डावीकडून चौथं म्हणजे शोध. सहावं म्हणजे टिपण. तुम्ही एखादं नवं घातलं की माझं सगळं एकानं सरकतं."

मी वहीत एकेक लिहून घेतलं आणि सोमवारी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ती यादी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही." मी म्हणालो, "आपण विचारलं नाही." त्या हसल्या आणि तीन आठवडे त्यावरच काम करत बसल्या. मालक आधी कुरकुरले, मग त्यांनाही काकांशी फोनवर बोलायला लावलं मॅडमनी, आणि त्यानंतर कुरकुर थांबली. त्या आवाजापुढं कुणाचंच फार चालत नाही. माणसानं लिहिलेली टिपणं वहीबरोबर गाण्याच्या फाइलीतही जातील अशी सोयही त्याच वेळी झाली. आता कुणी माझ्यासारखा घाईत 'होय' दाबणारा भेटला तरी टिपणं गाण्यासोबत राहतात.

नोंदी एप्रिलमध्ये संपल्या. शेवटी एकशे सहा 'अनोळखी' राहिले. काकांनी त्यावर फार वेळ दवडला नाही. म्हणाले, "माणसं आहेत अजून. बोलवू एकेकाला." आणि खरंच बोलवलं. मंडळातले जुने लोक, कुणी निगडीत मुलाकडं, कुणी चिखलीत, कुणी गावाहून आलेले, अधूनमधून त्यांच्या घरी येऊन बसतात. रेकॉर्डिंग लावतात, वाद घालतात. 'हा मी नव्हेच' असं स्वतःचा आवाज ऐकून म्हणणारे दोघं भेटले. 'अनोळखी' आता साठाच्या आत आलेत.

मी अजून त्याच कंपनीत आहे. फोन घेणारी आता आम्ही तिघं आहोत. नवीन आलेल्या दोघींना मी माझी ही चूक पहिल्याच आठवड्यात सांगतो, नावासकट, काहीही न लपवता. सांगताना लाज वाटते अजून, पण तिच्यामागं काकूंच्या फळीवरचे डबे, ते हसणं पाचदा ऐकणारी आई, सगळं येतं, आणि मग मला वाटतं की माझ्यासारख्याला चुकीबद्दल एवढं काही मिळावं हे कशामुळं? चाकणच्या कंपनीत भाग चुकीचा पास झाला तर मेमो मिळायचा आणि विषय संपायचा. इथं मला एक घर मिळालं. काकांनी त्या दिवशी दार लावून घेतलं असतं तर कुणी त्यांना बोल लावला नसता.

दर नव्या आवृत्तीची चाचणी आता आधी आकुर्डीत होते. गेल्या महिन्यात आम्ही एक पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन.

"कुणी घेतलंय हे चित्राचं बटण उजवीकडं? वाचत नाही."

"बघतो काका."

"बघू नको, कर. आणि ऐक, काकू विचारते, रविवारी वांग्याचं भरीत करू का पिठलं?"

मी पिठलं म्हणालो, आणि मॅडमना हाक मारली.